अमावस्येची हीट

"भट्टी बंद होती म्हणजे बंद होती, मॅडम. तुमचा मीटर काय ब्रह्मदेव लागून गेलाय?"

भूपाल मगदूम असं म्हणाले आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी कपाला हात लावला नाही. मला आधी उत्तर हवं होतं.

"ब्रह्मदेव नाही, पण त्याला थापा मारता येत नाहीत," मी म्हटलं. "गेली अमावस्या, तिच्या आधीची, त्याच्याही आधीची. अमावस्येला तुमचा कारखाना बंद असतो, गेटला कुलूप असतं. आणि दोन नंबरची भट्टी भर दुपारी वीज ओढते. भट्टीभर लोखंडाची एक आख्खी हीट वितळायला लागते तेवढी. त्या विजेतून निघालेला माल कुठाय?"

"वायरिंगचा काहीतरी घोळ असेल."

"तुमचं वायरिंग पंचांग बघून बिघडतं का?"

मगदूम कपाळावरचा घाम पुसत खिडकीबाहेर बघत बसले.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली ही फौंड्री. ट्रकच्या चाकाच्या मधोमध जो जाड लोखंडी हब असतो, तो इथं ओतायचे. माल घेणाऱ्या, इथंच ट्रक बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं नवीन अट घातली होती. एक हब तयार होईपर्यंत किती वीज जळली, किती लोखंड वितळलं आणि त्यापायी किती कार्बन हवेत गेला, हा आकडा मालाबरोबर द्यायचा. तोही कारखानदाराच्या तोंडचा नाही, बाहेरच्या माणसानं तपासून सही केलेला. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी, अभ्यंकर मॅडम. तेव्हा हे काम अगदी नवं होतं. कारखानदार मला धाडीवर आलेली बाई समजत, आणि खरं सांगायचं तर माझं तोंडही काही कमी फटकळ नव्हतं. भट्टीभट्टीला मीटर मीच बसवून घेतले होते. आता माझी सही झाली नाही तर ऑर्डर तामिळनाडूत जाणार होती आणि मगदूमांच्या दाराला कुलूप लागणार होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"सुट्टीच्या दिवशी चोरून दुसऱ्याचा माल ओतताय ना?" मी सरळच विचारलं. "तसं असेल तर सांगून टाका. तो वेगळा धरू. पण लपवलंत तर मी सही करणार नाही."

"चोरी नाही हो. आईशप्पथ नाही."

"मग या अमावस्येला मी स्वतः येऊन बघते."

मगदूम एकदम उठून उभे राहिले. माणूस शांत, कधी आवाज न चढवणारा. पण तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"मॅडम, महिनाभर कधीही या. रात्री-अपरात्री या. अमावस्येला तेवढं येऊ नका. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

मला कुणी असं सांगितलं की माझे पाय तिकडेच वळतात. आई म्हणायची, हिला विस्तव दाखवून 'हात लावू नको' म्हणू नका. आईचं बरोबर होतं.

अमावस्येच्या दुपारी मी गेले तेव्हा सगळी वसाहत नेहमीसारखी खडखडत होती. फक्त मगदूमांच्या गेटवर शुकशुकाट. कुलूप मोठ्या फाटकाला होतं. बाजूची माणसापुरती दिंडी नुसती लोटलेली. मी ती ढकलून आत गेले. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा आवाज तुटलाच. एरवी त्या शेडमध्ये स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी फक्त दोन नंबरच्या भट्टीची गुणगुण चालली होती. विजेवरची भट्टी तापत असली की अशी गुणगुणते, कामगार म्हणतात भट्टी गाते. खिशातल्या मोबाईलवर मीटरचा आकडा चढताना दिसत होता. म्हणजे माझं बरोबर होतं. मी जिंकले होते, आणि तरी मला मागे फिरावंसं वाटत होतं.

भट्टीच्या कट्ट्यावर तिघं होती. मगदूम स्वतः, पायात चप्पल नाही. त्यांच्याकडचा जुना मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा, दस्तगीरचाचा, हातात लांब सळई घेऊन. आणि लाकडी खोक्यावर बसलेली एक म्हातारी. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर. तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

"आलासा," दस्तगीरचाचा म्हणाला. "मालक म्हणालंच व्हतं, बाई ऐकायच्या न्हाईत."

"काय चाललंय इथं?"

उत्तर म्हातारीनं दिलं, अगदी साधेपणानं, कुणी जेवायला थांबलंय असं सांगावं तसं.

"माझा ल्योक गोळा करतोय."

मला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. मी मगदूमांकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले.

"या सुलाकाकी," ते म्हणाले. "यांचा मुलगा विलास चौगुले. आमच्याकडं याच भट्टीवर होता. बरीच वर्षं झाली. एके दिवशी सकाळी कामावर आला. गेटवर कार्ड पंच केल्याची नोंद आहे. बाहेर गेल्याची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आत आला तो आतच राहिला."

पुढचं दस्तगीरचाचानं सांगितलं. तो डबा खायला गेला होता. भट्टी वितळलेल्या लोखंडानं भरलेली, कट्ट्यावर कोणी नाही. परत आला तर वर काळा धूर आणि लोखंडावर तरंगणाऱ्या मळीचा दाट साका. त्याला वाटलं कुणीतरी तेलकट भंगार टाकलंय. "मी शिव्या घातल्या, बाई. कुठल्या गाढवानं काय टाकलंय म्हणून शिव्या घातल्या. साका काढला आन् वतलं. साचं वाट बघत व्हतं." संध्याकाळी विलास दिसेना. चार दिवस सगळे विहिरी, ओढे, नातेवाईक धुंडाळत होते. मग कुणीतरी गेटवरची नोंद काढून बघितली, आणि मग चाचाला तो धूर आठवला. तोवर त्या हीटचे हब ट्रकमध्ये चढून गेले होते.

"लॅबवाल्यानं त्या हीटचा तुकडा तपासला हुता," चाचा म्हणाला. "म्हणला, ह्यात कार्बन जरा वर लागतोय."

माणसाच्या शरीरात कार्बन असतो हे मी शाळेत शिकले होते. त्या दुपारी ते आठवायला नको होतं.

"भटजी म्हणलं, गवताचा पुतळा करा आन् जाळा," सुलाकाकी म्हणाली. "मी म्हणलं, माझा ल्योक काय गवताचा व्हता? हाय तेवढा आणा. सगळा आणा. मग जाळीन, मग रडीन."

प्रत्येक हबवर तो कुठल्या हीटचा आहे तो नंबर उठवलेला असतो. तेवढ्या नंबरावर या लोकांनी शोध मांडला होता. सुट्टीवर गावाला जाणारा कामगार वाटेत धाब्यावर ट्रक दिसला की चाकाखाली वाकायचा. भंगारवाल्यांना सांगून ठेवलं होतं. इंदूरच्या गॅरेजातून एक आला, नामक्कलहून दोन आले. कुणी विचारलं तर सांगायचं, माल खराब निघाला, कंपनी परत घेतेय. कितीतरी वर्षं असं चाललेलं. मिळाला तो हब आधीच्या हबांच्या गोळ्याबरोबर अमावस्येला वितळवायचा, एकजीव करायचा, आणि परत एकच गोळा ओतून झाकून ठेवायचा.

"पण काही मिळालं नाही तरी दर अमावस्येला का वितळवता?" मी विचारलं.

"त्यो दिसतोय म्हणून," सुलाकाकी म्हणाली.

मी हसणार होते. देवाशप्पथ हसणार होते. चाचानं माझ्या हातात निळी काच दिली. उजेडानं डोळे जाऊ नयेत म्हणून मेल्टर ती डोळ्यांपुढे धरतात. त्यानं सळईनं वरचा साका एका बाजूला ओढला. खालचं लोखंड स्वच्छ उघडं पडलं. मी वाकून बघितलं.

आधी नुसताच उजेड. मग तो उजेड हलला, आणि त्याच्या खालून एक तळवा वर आला. पाच बोटं, तळव्यावरच्या रेषा. पलीकडच्या माणसानं खिडकीच्या काचेवर हात टेकावा तसा तो पृष्ठभागाला आतून टेकला आणि सावकाश बाजूला सरकला. त्याच्यामागून मनगट, कोपर, खांदा. खांद्याच्या वर मान. मानेच्या वर काही नव्हतं.

काच माझ्या हातातून पडली. माझा तोल गेला. मगदूमांनी धरलं नसतं तर मी कुठं पडले असते याचा विचार आजही मी करत नाही.

"पयल्यांदा नुसती पाठ दिसली," सुलाकाकी सांगत होती. "मग हात आलं, मग पाय. जसजसं हब येतील तसा भरत गेला. तोंड तेवढं यायचं राह्यलंय. आता येकच हब ऱ्हायला म्हणतात ही. त्यो आणा, बाई. तुमी शिकलेल्या हाईसा. माझ्या विलासाचं तोंड मला एकदा बघू द्या."

मी घरी जाऊन तापानं फणफणले. भूतबीत मी मानत नव्हते. अजूनही कुणी विचारलं तर मानत नाही म्हणते. पण जे बघितलं ते बघितलं.

ताप उतरल्यावर मी मगदूमांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चहा मागवला. या वेळी मी तो प्यायले.

"करा आता तुमचा रिपोर्ट," ते थकून म्हणाले. "लिहा जे लिहायचं ते. ऑर्डर गेली तर गेली."

"वीज जळलीय, ती लपवता येणार नाही. पण नियम असा आहे की जळलेल्या विजेवर कुठल्या तरी मालाचं नाव लागतं. अमावस्येच्या हीटला मालाचं नाव काय लावू?"

"सगळ्या हबांत वाटून टाका," मगदूम म्हणाले. "त्याचं ओझं आम्ही सगळे उचलतोच आहोत. हबांनी पण उचलावं."

तसंच केलं. प्रत्येक हबच्या वाट्याला चिमूटभर कार्बन वाढला. कारण म्हणून मी 'बंद दिवशी भट्टी चालू' असं लिहिलं आणि सही केली. आकडा खरा होता. कंपनीलाही तो खरा वाटला, कारण बाकीचे कारखाने गुळगुळीत आकडे देत होते आणि आमच्यात हा एक खडा होता. खडा असलेले तांदूळ निदान शेतातले तरी असतात.

आणि त्या सहीनं एक दार उघडलं. आकड्यांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. आम्ही त्यांना आमचा कार्बन दाखवायचा, त्यांनी आम्हाला आमचा हब कुठल्या गाडीत बसला ते. याआधी मगदूमांनी किती पत्रं टाकली होती, कंपनीनं ढुंकूनही बघितलं नव्हतं. आता मी खुर्चीत बसून संगणकावर कंपनीच्या यादीत विलासच्या हीटचा नंबर टाकला. दस्तगीरचाचा पाठीमागे श्वास रोखून उभा.

एकेक ओळ उघडत गेली. हा मिळालाय, हा मिळालाय, हाही. शेवटची ओळ. मध्य प्रदेशातल्या एका भंगाराच्या यार्डात पडलेला, अपघातात चेपलेला ट्रक, मागचं डावं चाक.

"या अल्ला," चाचा म्हणाला आणि खालीच बसला.

मगदूम स्वतः गाडी घेऊन गेले. यार्डवाल्याला काय सांगितलं कोण जाणे. परत आले तेव्हा तो हब मागच्या डिकीत नव्हता, शेजारच्या सीटवर होता, नव्या टॉवेलात गुंडाळून, वर सीटबेल्ट लावलेला. मला रडायला येत होतं.

पुढच्या अमावस्येला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. सुलाकाकीनं नवं लुगडं नेसलं होतं. बरोबर पिशवीत विलासला आवडायचे म्हणून धपाटे करून आणले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, शेडच्या पत्र्यांतून उन्हाच्या सुऱ्या खाली आल्या होत्या. चाचानं गोळा भट्टीत सोडला. तो लाल झाला, पिवळा झाला, वितळून खाली बसला. मग मगदूमांनी टॉवेल सोडून हब वर धरला आणि सुलाकाकीनं त्याला हात लावला. तो आत गेला.

भट्टी गात होती. आम्ही वाट बघत होतो. चाचानं साका ओढला.

सुलाकाकी काच घेत नसे. उघड्या डोळ्यांनी वाकून बघायची. इतक्या वर्षांत तिच्या पापण्यांचे केस जळून गेले होते. ती वाकली. मीही काच लावून वाकले. तळवे वर आले, खांदे आले, मान आली. आणि मग हनुवटी, ओठ, नाक. कोवळं, अर्धवट मिशीचं तोंड. डोळे मिटलेले. मग त्यानं डोळे उघडले.

सुलाकाकी बघत राहिली. उष्णतेनं तिचा पदर करपायला लागला तरी मागे होईना. मगदूमांनी तिला खांद्याला धरलं.

"काकी, बघितलात ना? आता या मागं."

"ह्यो माझा न्हवं," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"नीट बघा, काकी. इतक्या वर्षांनी..."

"पोटात वागवलाय मी, भूपालराव. माझा ल्योक मला कळत न्हाई व्हय? ह्यो माझा न्हवं. ह्यो दुसऱ्या कुनाचा तरी हाय."

दस्तगीरचाचानं तिच्या बाजूनं वाकून बघितलं. बघितलं आणि सळई त्याच्या हातातून गळून पडली. कट्ट्यावर ती घणघणत राहिली.

"ठेकेदाराकडचा पोरगा," तो पुटपुटला. "कुठनं तरी लांबनं आणल्याला. भंगाराचा गाडा ढकलायचा. आठवडा झाला नसंल येऊन. त्या हीटच्या दुसऱ्या दिवशी दिसला न्हाई तर ठेकेदार म्हणला, पळाला, ही पोरं अशीच पळत्यात."

"गेटवर त्याची नोंद?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं, सवयीनं.

"ठेकेदाराच्या मानसांना कार्ड कुठलं, बाई? ती मागच्या फाटकानं यायची."

म्हणजे विलास कदाचित त्याच मागच्या फाटकानं बाहेर पडला होता. सुलाकाकी कट्ट्यावर बसली. त्या दिवशी सकाळी स्वतःच्या लग्नावरनं भांडून गेला होता, एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "जित्ता आसंल तर आसू दे." पुढे तिचं तोंड वेडंवाकडं झालं. कुठंतरी जिवंत असलेल्या आणि इतक्या वर्षांत आईकडे एकदाही न फिरकलेल्या मुलासाठी ती रडली, आणि तसं रडताना मी माणूस पुन्हा बघितलेला नाही.

"नाव काय होतं त्याचं?" मगदूम विचारत होते. "चाचा, नाव? गाव?"

"आमी त्याला 'ए गाडा' म्हणायचो, मालक."

भट्टीतला चेहरा आमच्याकडे बघत होता. एकाकडून दुसऱ्याकडे. काहीतरी शोधत असल्यासारखा.

सुलाकाकीनं पदरानं डोळे पुसले. उठली, परत भट्टीशी गेली आणि वाकली. आता तिचा आवाज आपल्या लेकराशी बोलावं तसा होता.

"बाळा, तुझं गाव कंचं रं? तुझ्या आईला काय सांगू?"

ओठ हलले. मी स्वतः बघितले. पण भट्टीची गुणगुण इतकी, की काही ऐकू येईना.

"बंद करा," ती म्हणाली. "ऐकू येऊ दे मला."

"बंद केली तर वर साय धरंल, काकी," चाचा म्हणाला. "मग दिसायचा न्हाई. गोळा परत वितळवला म्हणून त्यो परत बोलंल ह्याचा काय भरवसा?"

"बंद कर, दस्तगीर."

चाचानं मगदूमांकडे बघितलं. मगदूमांनी मान हलवली. चाचानं बटण दाबलं.

गुणगुण थांबली. इतकी शांतता मी कुठल्याच कारखान्यात ऐकलेली नाही. लोखंडाच्या कडेकडेनं काळपट साय धरायला लागली, हळूहळू मधे सरकायला लागली. आम्ही चौघं भट्टीवर वाकलो. सुलाकाकीनं पुन्हा विचारलं, गाव कंचं, नाव काय.

त्यानं सांगितलं. आवाज अगदी स्वच्छ होता, तरुण होता. एकदा सांगितलं. आम्ही नुसतेच बघत राहिलो तसं त्यानं घाईनं पुन्हा सांगितलं, साय तोंडापर्यंत आली तरी सांगतच राहिला.

आमच्या चौघांतल्या एकालाही ती भाषा येत नव्हती.